छपरावरची हीटिंग केबल फेब्रुवारीत ट्रिप होते, बर्फ परत साचतो, पाणी घरात: तीन हिवाळ्यांत सापडलेली कारणं

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण ओटावाला माझ्या मुलीच्या घरी ते खरोखर वर जात होतं. छपराच्या कडेला बर्फाचा बांध बसायचा, त्याच्या मागे वितळलेलं पाणी तुंबायचं, तुंबून तुंबून वर सरकायचं आणि शिंगलच्या (तिकडे छपरावर कौलांसारख्या बसवतात त्या चपट्या पट्ट्या) खालून माळ्यावर शिरायचं. मग वरच्या बेडरूमच्या कोपऱ्यात, जिथे भिंत आणि सीलिंग मिळतात तिथे, चहा सांडल्यासारखा पिवळा डाग. सलग तीन हिवाळे हेच, आणि केबल लावलेली असून. तिसऱ्या वर्षी कुठे सगळं सुटलं, म्हणून नीट लिहून ठेवतोय, कारण आपल्या बडोद्यातल्या किती घरांतली मुलं आज कॅनडा-अमेरिकेत आहेत आणि घर घेतलं की पहिल्याच थंडीत हाच फोन येतो, "बाबा, सीलिंगमधून पाणी येतंय."

मी दांडिया बाजारातला. नंदेसरीकडे एका केमिकल प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला २६ वर्षं होतो. बडोद्यात बर्फ पडत नाही पण हीट ट्रेसिंगची केबल आमच्या रोजच्या हातातली, कारण ५० टक्के कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं पाणी) साधारण १२ डिग्रीला गोठायला लागते आणि उत्तरायणाच्या आसपास पहाटे इथे पारा तेवढा खाली जातोच, मग लाइन जाम, पंप जाम आणि रात्री तीनला शिफ्टवाल्याचा फोन. म्हणून पाइपला केबल लावायची, वरून इन्सुलेशन. छपरावरची केबल त्याच जातीची आहे, फरक एवढाच की ती उघड्यावर असते, उन्हात तापते, पाण्यात बुडते आणि तिच्यावरून मणभर बर्फ घसरतो.

आधी बांध का होतो ते समजून घ्या, नाहीतर केबल कुठे लावायची तेच चुकतं. घरातली गरम हवा माळ्यावर जाते, छपराचा वरचा भाग आतून कोमट होतो, तिथला बर्फ खालून वितळतो. पाणी उताराने खाली येतं आणि भिंतीच्या बाहेर जो छपराचा भाग आलेला असतो, म्हणजे वळचण, तिथे पोचतं. वळचणीच्या खाली घर नाही, नुसती बाहेरची उणे १५ ची हवा, म्हणून पाणी तिथे परत गोठतं. रोज थोडं थोडं गोठून हातभर उंच बांध. पन्हळीत पण तेच. (तिकडे पन्हळीला गटर म्हणतात, आपल्याकडे गटर म्हणजे भलतंच, म्हणून मी पन्हळच लिहिणार.) तर केबलचं काम छपरावरचा सगळा बर्फ वितळवणं हे नाहीच. ती फक्त बांधातून पाण्याला वाट करून देते. वाट वरपासून जमिनीपर्यंत सलग हवी, मधे वीतभर जरी थंड जागा राहिली तरी पाणी तिथे थांबणार आणि तिथून मागे गोठत येणार. आमच्या प्लांटमध्ये पण लाइन कायम व्हॉल्व्हवर किंवा सपोर्टवरच जाम व्हायची, जिथे फिटरने केबल पुरवायची म्हणून आखडती घेतलेली असायची.

पहिल्या हिवाळ्यात झालं ते हेच. घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने लावलेली केबल होती, तयार सेट, प्लगवाली, १०० फूट. वळचणीवर नागमोडी लावली होती, दिसायला छान, पण पन्हळीत केबल नव्हती आणि खाली उतरणाऱ्या पाइपात पण नव्हती. वरचं पाणी वितळून पन्हळीत पडायचं, पन्हळ गच्च गोठलेली, मग ते कडेवरून ओघळून सुळके व्हायचे, माणसाच्या उंचीचे. त्या वजनाने पन्हळीचे दोन हूक वाकले. मुलगी म्हणाली, "बाबा, केबल तर गरम लागतेय हाताला." केबल गरमच होती, पाण्याला पुढे जागा नव्हती.

त्या सेटमध्ये अजून एक गोष्ट निघाली. ती कॉन्स्टंट वॅटची केबल, म्हणजे आत तारेचा रेझिस्टन्स, थंडी असो नसो प्रत्येक फुटाला ठरलेले ५ वॅट टाकणारच. अशी केबल कापायची नाही, जोडायची नाही आणि स्वतःवरून ओलांडू द्यायची नाही, कारण जिथे दोन पदर एकमेकांवर बसतात तिथली उष्णता बाहेर जात नाही. जावईबापूंनी उन्हाळ्यात शिडी लावून फोटो पाठवला तर कोपऱ्यावर, जिथे उरलेली केबल गुंडाळी करून क्लिपखाली दाबली होती, तिथे काळं आवरण तपकिरी होऊन पापडासारखं तडकलेलं, आणि खाली गेल्या वर्षीची सुकी पानं चिकटलेली. मी त्यांना त्याच मिनिटाला सांगितलं की ही केबल परत लावू नका, लाकडी घर आहे. अशी केबल तुमच्याकडे असेल आणि ती चालू आहे का ते बघायचं असेल तर प्लग काढून मल्टिमीटरने दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. १०० फूट गुणिले ५ वॅट म्हणजे ५०० वॅट, १२० व्होल्टवर रेझिस्टन्स २८.८ ओहम यायला पाहिजे. आसपास आला तर तार सलग आहे, काहीच नाही आला तर आत तुटलीय, खूप कमी आला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

दुसऱ्या हिवाळ्याआधी सेल्फ रेग्युलेटिंग केबल आणली. ही वेगळी चीज आहे. तांब्याच्या दोन तारा समांतर जातात आणि त्यांच्या मधे कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकचा काळा गाभा, करंट एका तारेतून दुसरीत त्या गाभ्यातून जातो. थंड झाला की गाभा आकसतो, कार्बनच्या वाटा जुळतात, करंट वाढतो. गरम झाला की फुगतो, वाटा तुटतात, करंट कमी. प्रत्येक इंच आपापला हिशोब करतो, म्हणून बर्फात बुडलेला भाग जास्त तापतो आणि कोरडा भाग कमी. लांबीला कापता येते, स्वतःवरून गेली तरी जळत नाही. महाग असते पण छपरासाठी मी दुसरी सुचवणार नाही. हिच्यावर मात्र वरचा ओहमचा हिशोब चालत नाही, समांतर असल्यामुळे मल्टिमीटरच्या आकड्यावरून काही कळत नाही, हिला मेगरच (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) मारावा लागतो, ते पुढे येतंच.

तर नवीन केबल लागली, पन्हळीत आणि पाइपात पण सोडली, आणि जानेवारीत तरीही डाग आला. आता हा प्रकार मला दोन दिवस कळेना. इकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे सकाळचे अकरा, मुलगी फोन घेऊन अंगणात उभी राहायची आणि मी स्क्रीनवर डोळे ताणून बघायचो. पन्हळ मोकळी, पाइपातून पाणी टपकतंय, केबलची नागमोडी वाट स्वच्छ दिसतेय, आणि नागमोडीच्या वर, टोकांच्या बरोबर वरती, एक नवीन बांध! मी म्हटलं, वळचण किती बाहेर आलीय ते टेप लावून सांग गं. ६० सेंटिमीटर. आणि केबलचे त्रिकोण वर किती जातात? ४५. संपलं. बांध केबलच्या हद्दीबाहेर सरकला होता. नियम असा की केबलचा त्रिकोण भिंतीची रेघ ओलांडून किमान ३० सेंटिमीटर आत, म्हणजे गरम घरावरच्या छपरापर्यंत गेला पाहिजे, तिथे पाणी अजून पाणीच असतं. म्हणजे इथे ६० अधिक ३०, उतारावर मोजलं तर ९५ सेंटिमीटरपर्यंत. इलेक्ट्रिशियनने रुंदी बरोबर धरली होती, उंचीत केबल वाचवली.

यावरून किती केबल लागते त्याचा अंदाज सांगतो कारण सगळे इथेच कमी आणतात. दर ६० सेंटिमीटरला एक त्रिकोण, उतारावरची उंची ९५ धरली तर त्रिकोणाची एक बाजू जवळजवळ १ मीटर, दोन बाजू २ मीटर. म्हणजे वळचणीच्या एका मीटरला सव्वातीन मीटरच्या जरा वर केबल जाते. मुलीकडची वळचण १२ मीटर, म्हणजे छपरावरच ४० मीटर, वर पन्हळीतले १२, पाइपातले ६ आणि हाताला दोन-तीन मीटर जास्त. ६०-६१ मीटर झाली. लोक १२ मीटरचं छप्पर बघून ३० मीटरचा डबा आणतात आणि मग ताणून लावतात.

आता तिसरा हिवाळा, आणि हाच मुख्य विषय. लेआउट बरोबर, डिसेंबरभर सगळं मस्त, जानेवारीत उणे २० असताना मस्त, आणि फेब्रुवारीत जरा ऊन पडून पारा शून्याच्या वर आला की जीएफसीआय, म्हणजे करंट बाहेर गळला (लीकेज) की सप्लाय तोडणारा सॉकेट, ट्रिप. आपल्याकडच्या ईएलसीबी किंवा आरसीसीबीचाच हा भाऊ, पण आपली घरातली साधारण ३० मिलिअँपिअरवर पडते आणि तिकडचा जीएफसीआय सॉकेट ५ च्या आसपासच पडतो, तो माणसाला वाचवायला बनवलेला आहे. रीसेट केला की अर्धा तास चालायचा, परत पडायचा. आणि ज्या दिवशी बर्फ वितळतोय त्याच दिवशी केबल बंद, म्हणजे रात्री परत गोठून दुसऱ्या दिवशी बांध तयार.

तिथल्या एका हँडीमॅनने सांगितलं की सॉकेट बदलून साधा लावा, जीएफसीआय हीटिंग केबलला उगाच पडतो. हे कुणी सांगितलं तर ऐकू नका, हात जोडून सांगतो. ओलं छप्पर, पत्र्याची पन्हळ, पत्र्याचा पाइप, खाली अंगणात माझा पाच वर्षांचा नातू बर्फात खेळतोय. लीकेज खरं असेल तर पाइपाला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाणार. आणि माणूस नसला तरी ओल्या ठिकाणी छोटी ठिणगी तासन्‌तास जळत राहते, केबल मेणबत्तीसारखी जळत पुढे सरकते, एमसीबीला त्याचा पत्ता पण लागत नाही कारण करंट एमसीबी पाडण्याएवढा नसतो. प्लांटमध्ये मी अशी जळालेली चार फुटांची केबल हातात घेऊन पाहिलीय, आतल्या दोन तारा उघड्या आणि मधला गाभा राख.

मी मुलीला एकच काम सांगितलं, वही ठेव. कधी पडतो, किती वेळाने पडतो, बाहेर किती डिग्री, पाऊस का बर्फ का ऊन. दहा दिवसांची वही बघितली आणि अर्धं काम झालं. बाकी लोकांनाही मी हेच सांगतो, की ट्रिपची वेळ हीच खरी साक्षीदार. चालू केल्याबरोबर, कोरड्या हवेत पण पडत असेल तर केबलला कुठेतरी जखम आहे, खिळा, स्टेपल, पन्हळीच्या धारेवर घासलेली, किंवा खारीने कुरतडलेली, तिकडे खारी फार. पावसात पडत असेल तर आधी प्लग आणि सॉकेटचं झाकण बघा, प्लगच्या आधी वायरला खाली एक झोका द्या म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्यातून टपकेल, सॉकेटात जाणार नाही. आणि कडाक्याच्या थंडीत चालू करतानाच पडत असेल, आणि पडणारा जीएफसीआय नसून पॅनेलमधली एमसीबी असेल, तर तो लीकेजचा मामलाच नाही, थंड सेल्फ रेग्युलेटिंग केबल सुरुवातीची काही मिनिटं नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढते आणि एका सर्किटवर लांबी जास्त झालीय. कंपनीच्या कागदात किती डिग्रीला चालू करणार त्यावर किती मीटर चालेल याचं टेबल असतं ते बघा. कोण पडतंय, सॉकेट का पॅनेल, एवढं पण बरेच जण बघत नाहीत आणि नुसतं "लाइट जाते" म्हणतात.

मुलीच्या वहीत स्पष्ट होतं: उणे पाचच्या खाली एकदाही नाही, आणि ऊन पडलं की वीस मिनिटं ते पाऊण तासात. म्हणजे पाणी आत शिरलेलं आहे, पण गोठलेलं असताना गप्प बसतं, कारण बर्फातून करंट फार कमी जातो. वितळलं की धूळ-क्षार मिसळलेलं पाणी झालं, त्यातून लीकेज सुरू. आणि थोडा वेळ लागतो कारण केबल स्वतःच तापून ते वितळवते. तर केबलमध्ये पाणी शिरायच्या जागा दोन, एक जिथे सप्लाय जोडलाय तो बॉक्स आणि दुसरी केबलचं शेवटचं टोक, एंड सील. बॉक्स उघडून बघितला, कोरडा खटखटीत. राहिलं टोक. मी विचारलं, टोक कुठे आहे? जावईबापू म्हणाले, पाइपाच्या तळाशी, शेवटच्या एल्बोमध्ये. एल्बो कुठे आहे? बर्फाखाली, ड्राइव्हवेचा उपसलेला बर्फ तिथेच टाकतो आम्ही.

इथे माझ्या डोक्यात चित्र पूर्ण झालं. पाइपाचं तोंड बर्फाच्या ढिगात बंद, वितळलेलं पाणी खाली येऊन तिथे उभं राहतं, आणि एंड सील दिवसचे दिवस त्या पाण्यात बुडून.

तिथल्या लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं, मेगर घेऊन यायला सांगितलं. मेगर मारायची पद्धत अशी: सप्लाय बंद, बॉक्समधून केबल मोकळी करायची, थर्मोस्टॅट किंवा कंट्रोलर असेल तर तो पण बाजूला करायचा नाहीतर तो मरतो. आतल्या दोन्ही तांब्याच्या तारा एकत्र पिळायच्या, मेगरची एक वायर त्यांना आणि दुसरी केबलच्या बाहेरच्या आवरणाखाली असते त्या धातूच्या जाळीला. कमीत कमी ५०० व्होल्ट डीसी, कंपनी सांगत असेल तर २५०० ला, कारण बारीक भोक ५०० ला पकडलं जात नाही. किती यायला पाहिजे ते कंपनी कंपनीवर आहे, काहींच्या कागदात २० मेगओहम चालतं, काही १००० च्या खाली घेत नाहीत. आमचं आलं ०.३. खरं तर आकडा बघून मला बरं वाटलं, कारण चुकून ५० वगैरे आलं असतं तर शोधत बसावं लागलं असतं.

ढीग उपसला, एल्बो काढला, टोक बाहेर ओढलं. ते मी व्हिडिओवर अगदी जवळून बघितलं. एंड सीलची टोपी बाहेरून ठीक, पण जिथे टोपी संपून केबलचं आवरण सुरू होतं तिथे नखाएवढी फट. टोपी दाबली तर बुडबुडा येऊन पाण्याचा थेंब निघाला. टोपी कापली तर जाळी, जी टिनची चकचकीत असायला पाहिजे, ती बोटभर लांब काळी पडलेली, आणि गाभ्याच्या कापलेल्या तोंडावर हिरवट बुरशीसारखा थर, तो तांब्याचा गंज. पाणी जाळीतून वातीसारखं वर चढतं हे लक्षात ठेवा, म्हणून नुसती टोपी बदलून भागत नाही, जाळी पांढरी आणि कोरडी दिसेपर्यंत केबल कापत जायचं. इलेक्ट्रिशियन आधी चार बोटं कापून थांबत होता, मी फोनवरून म्हटलं अजून काप. एकूण ४० सेंटिमीटर कापली तेव्हा कोरडी जाळी आली. परत मेगर मारला, ५०० च्या वर मेगओहम. हाताला ठेवलेली जास्तीची केबल इथे कामाला आली, म्हणून वर दोन-तीन मीटर जास्त घ्या म्हटलं.

नवीन एंड सील त्याच कंपनीच्या किटमधलं. इन्सुलेशन टेप, सिलिकॉन, हीट श्रिंकचा तुकडा अशी जुगाडं छपरावर एक हिवाळा पण टिकत नाहीत, आणि वेगळ्या कंपनीची टोपी असेल तर केबलची जाडी जुळत नाही, आमची फट बहुधा तशीच झाली होती. लावताना दोन्ही तारा एकमेकांना लागता कामा नयेत, या केबलचं शेवटचं टोक जोडायचं नसतं, जोडलं तर थेट शॉर्ट. हे अनुभवी वायरमन पण चुकतात कारण हात सर्किट पुरं करायला सवयीने जातो.

आणि जागा बदलली, खरा इलाज हाच होता. आता केबल पाइपातून खाली जाते, तळाच्या तोंडापर्यंत पोचते आणि तिथून वळून त्याच पाइपातून परत वर येते, एंड सील वर पन्हळीच्या काठावर, क्लिपने उंच बांधलेलं, जिथे पाणी उभं राहूच शकत नाही. पाइपात दोन पदर झाले, सहा मीटर केबल जास्त लागली, पण सेल्फ रेग्युलेटिंग असल्यामुळे पदर एकमेकांना लागले तरी हरकत नाही आणि तळाचं तोंड जास्त गरम. पाइपाच्या वरच्या तोंडाला, जिथे केबल पत्र्याच्या धारेवरून वळते, तिथे हँगर लावला म्हणजे केबलचं वजन धारेवर येत नाही. आणि ड्राइव्हवेचा बर्फ दुसऱ्या बाजूला टाकायचा हे घरात सगळ्यांना सांगून झालं.

त्याच वेळी सर्किट पण दोन केली. केबल आता ६६ मीटर झाली होती, सगळी एका सॉकेटवर. नुसतं मीटरला २० वॅट धरलं तरी १३२० वॅट, १२० व्होल्टवर ११ अँपिअर, आणि तिकडच्या १५ अँपिअरच्या सर्किटवर असा सतत चालणारा लोड १२ च्या पुढे नेत नाहीत. बर्फात बुडाल्यावर केबल याहून जास्त ओढते. म्हणजे आधीच काठावर. शिवाय धडधाकट केबलला पण मीटरमागे थोडं लीकेज असतंच, लांबी वाढली की सगळं मिळून ५ मिलिअँपिअरच्या जवळ जातं. आता छपरावरची नागमोडी एका सर्किटवर आणि पन्हळ-पाइप दुसऱ्यावर, पॅनेलचं काम इलेक्ट्रिशियनने केलं, त्याला घरच्या माणसाने हात लावायचा नाही. एक पडलं तर दुसरं चालू राहतं आणि फॉल्ट कुठल्या भागात आहे ते लगेच कळतं. ३० मिलिअँपिअरचं ब्रेकर पण मिळतं, कायम बसवलेल्या हीटिंग केबलसाठीच असतं ते, पण तेही केबल कंपनीचा कागद बघून इलेक्ट्रिशियननेच ठरवावं.

कधी चालू करायची यात पण लोक चुकतात. दोन फूट बर्फ साचल्यावर आठवण होऊन बटण दाबलं तर केबल आपल्याभोवती पोकळ बोगदा करते, मधे हवा राहते आणि वरचा बर्फ तसाच. पहिला बर्फ पडायच्या आधीच थर्मोस्टॅटवर टाका, साधारण २-३ डिग्रीला चालू होतो आणि ७ ते १० च्या मधे कुठेतरी बंद, मॉडेलवर आहे. आणि बांध झालाच असेल तर हातोडी-कुदळ घेऊन वर चढू नका, शिंगल फुटतात, केबल कापली जाते आणि माणूस घसरतो. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या रूफ रेकने वळचणीवरचा मऊ बर्फ ओढा. अगदीच पाणी येत असेल तर जुन्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून बांधाच्या लांबीला समांतर न ठेवता वरून खाली, उताराच्या दिशेने ठेवा, त्याच्याखाली वाट होते. साधं मीठ नको, पत्रा आणि झाडं दोन्ही खराब.

अजून एक, आणि हे मला आधी सुचायला हवं होतं. तिसऱ्या वर्षी मुलीने रस्त्यावरून घराचा फोटो पाठवला. शेजारच्या छपरावर पांढरी शुभ्र गादी, आणि यांच्या छपरावर मधोमध परातीएवढा काळा गोल, बर्फच नाही. त्या गोलाच्या बरोबर खाली वरचं बाथरूम. माळ्यावर जाऊन बघितलं तर एक्झॉस्ट फॅनचा पाइप निसटून गरम वाफ थेट माळ्यात सोडत होता, आणि माळ्यावर जायच्या झाकणाला रबराची पट्टीच नव्हती. पाइप जोडला, त्यावर इन्सुलेशन गुंडाळलं, झाकणाला पट्टी लावली, फटी फोमने बुजवल्या. तिकडे माळ्याच्या इन्सुलेशनच्या मापाला आर-व्हॅल्यू म्हणतात, थंड भागात आर-४९ ते आर-६० सांगतात, यांचं निम्म्याच्या आसपास होतं, ते उन्हाळ्यात वाढवायचं ठरलंय. वळचणीच्या खालच्या हवेच्या जाळ्या मात्र इन्सुलेशनने बुजवू नका, माळा थंड राहायला ती हवा लागते. १३२० वॅटची केबल २४ तास चालली तर दिवसाला जवळजवळ ३२ युनिट, त्यामुळे माळ्यातली गळती बंद करणं हे केबलपेक्षा आधीचं काम आहे. छपरावरचे काळे ठिपके मोफत थर्मल कॅमेरा आहेत, बर्फ पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर उभं राहून एक फोटो काढा.

मनाली किंवा शिमल्याकडे कुणाचं होमस्टे असेल तर बाकी सगळं हेच, पण तिकडून नातेवाइकाने आणलेली १२० व्होल्टची केबल आपल्या २३० वर लावू नका. कॉन्स्टंट वॅटची असेल तर पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, साडेतीन पटीच्या वर जाते, आवरण वितळेल. सेल्फ रेग्युलेटिंगचा पण गाभा जातो. पत्र्याच्या छपरावरून बर्फ एकदम घसरतो आणि केबल उपटून नेतो, तिथे केबलच्या वर बर्फ अडवणारे गार्ड आधी बसवावे लागतात.

आता दर ऑक्टोबरला आमचं ठरलेलं आहे. पन्हळीतली पानं काढायची, क्लिपा हाताने हलवून बघायच्या, जीएफसीआयचं टेस्ट बटण दाबून पडतो का बघायचं, आणि इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही सर्किटांना मेगर मारून आकडा तारखेसकट पॅनेलच्या दाराच्या आत पेनने लिहायचा. एकटा आकडा फार काही बोलत नाही, पण गेल्या वर्षी ८०० होता आणि यंदा ६० आला की पाणी शिरायला लागलंय हे ट्रिप व्हायच्या आधीच कळतं.

तुमच्याकडे असा प्रॉब्लेम असेल आणि कुणाला विचारणार असाल, इलेक्ट्रिशियनला किंवा घरातल्या जाणत्याला, तर एवढं आधी गोळा करा: केबल कुठल्या प्रकारची (आवरणावर छापलेलं असतं, फोटो काढा), एकूण किती मीटर, वळचण भिंतीबाहेर किती, त्रिकोण किती उंच, पडतं ते सॉकेट का पॅनेल, पडतं तेव्हा बाहेर किती डिग्री, आणि शेवटचं टोक नक्की कुठे आहे. टोक कुठे आहे ते बहुतेक घरात कुणालाच माहीत नसतं. ते शोधा आधी.